दृढीकरणानंतरची वर्षे

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली चाल आहे. आधी आपण किती वाया गेलेलो होतो ते सांगायचे. दारू, पत्ते, घरात मारझोड. मग अमुक गावच्या सभेत, अमुक रात्री प्रभू भेटला. आणि तेव्हापासून सगळे कसे पालटले. सांगणाऱ्याचा आवाज मध्येच भरून येतो, मागच्या बाकांवरून ‘आमेन’ येते. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आले. त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्या होत्या हेही मला ठाऊक आहे, कारण त्या माणसांच्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या.

माझी पंचाईत अशी की माझ्याजवळ तशी साक्षच नव्हती. माझ्या पणजोबांनी नेवासे तालुक्यात, वडाळ्याच्या बाजूला, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. घरात ‘ज्ञानोदय’ यायचा, रात्री जेवणाआधी प्रार्थना व्हायची, रविवारी सकाळी शब्बाथ शाळा आणि मग उपासना. वाया जायला मला सवडच मिळाली नाही. तरुण संघात साक्षीची पाळी आली की माझे दोन वाक्यांत आटपायचे आणि पुढचा उभा राहायचा.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. सध्या आमच्या मंडळीत दृढीकरणाच्या वर्गाला शिकवायचे काम माझ्याकडे आहे. मुले हुशार आहेत, मोबाइलवर प्रवचने ऐकतात, दुसऱ्या पंथांच्या सभांना जाऊन येतात. तिथे त्यांना कोणीतरी विचारलेले असते, आणि तोच प्रश्न ती माझ्याकडे आणतात. आंटी, तुमचं तारण कधी झालं? तारीख सांगा ना. तारीख माझ्याकडे नाही. वर्षे आहेत.

माझे स्वतःचे दृढीकरण पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाले. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झाली, आणि जुन्या मिशनच्या मंडळ्या तिच्यात गेल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. आमच्या जुन्या माणसांना बिशप हा प्रकारच नवा. आजोबा शेवटपर्यंत ‘ते झग्यातले साहेब’ असेच म्हणायचे. पाळकसाहेबांनी दर शनिवारी वर्ग घेतला. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, सगळे तोंडपाठ म्हणून दाखवायचे. मला पाठांतर बरे यायचे. पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकले, बिशपांनी डोक्यावर हात ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतले. दुपारी घरी बिर्याणी झाली. सोमवारी शाळा.

त्यानंतर मला मंडळीत कोणी काही शिकवायला बसले नाही. वर्ग संपला तो संपला. पुढे काय, तर उपासनेला या, वर्गणी द्या, हंगामाच्या सणाला काही आणा, आणि मे महिन्यात संजीवन सभांना हजर राहा.

त्या सभा मात्र जोरदार व्हायच्या. शाळेच्या मैदानावर मांडव, बाहेरगावचे वक्ते, ढोलकी, पेटी, नंतर नंतर कीबोर्ड. शेवटच्या रात्री दिवे मंद करून वक्ते हाक द्यायचे, ज्यांना आपले आयुष्य प्रभूला द्यायचे आहे त्यांनी पुढे यावे. आम्ही मैत्रिणी पुढे जायचो. रडू खरे असायचे. पुढचे दोन-तीन आठवडे पहाटे उठून शास्त्र वाचायचे, भावाशी भांडायचे नाही. मग पाऊस पडायचा, शाळा सुरू व्हायच्या, आणि हळूहळू सगळे ओसरायचे. पुढच्या मे महिन्यात परत तेच. मला त्या सभांची टिंगल करायची नाही. आमच्या गल्लीतली दोन घरे त्या सभांमुळे उभी राहिली. पण मे महिन्यातला जोर वर्षभर टिकला म्हणजे आत्मिक वाढ झाली, अशी आम्हा पोरींची समजूत करून दिलेली होती, आणि तिच्यामुळे जून ते एप्रिल हा काळ सगळा अपराधात जायचा.

पुढे महिला मंडळाबरोबर मुक्ती मिशन पाहायला केडगावला गेले. केडगावे दोन आहेत. एक आमच्या नगरला चिकटलेले, दुसरे पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात. पंडिता रमाबाईंनी उभारलेली मुक्ती तिथे आहे. रमाबाईंविषयी प्रवचनांत ऐकायला मिळते ते १९०५ चे संजीवन. मुली रात्रभर प्रार्थना करीत होत्या, रडत होत्या, पापे कबूल करीत होत्या. ते खरेच आहे. पण त्याच बाईंच्या चरित्रातल्या आणखी दोन गोष्टी मला कोणत्याही व्यासपीठावरून ऐकायला मिळाल्या नव्हत्या. एक, त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. संस्कृत कोळून प्यायलेल्या, शास्त्र्यांच्या सभेने ‘पंडिता’ म्हणून गौरवलेल्या बाईला आठ वर्षे! दुसरी गोष्ट संजीवनानंतरची. त्या सगळ्या भराच्या पुढची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक घेऊन टेबलाशी घालवली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल असे मराठी शास्त्र त्यांना करायचे होते. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बाया. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडले ते १९२४ साली. रात्रभर चाललेल्या प्रार्थनेवर शंभर प्रवचने होतात, मुद्रिते तपासण्यावर एकही होत नाही. मला विचाराल तर १९०५ चे खरे फळ त्या मुद्रितांतच आहे.

हे मला पुस्तकातून कळले असते तर मनात राहिले नसते. राहिले, कारण तोवर मी सासूबाईंच्या घरात नांदत होते.

सासूबाई मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होत्या. शंभरावर मुलांच्या भाकरी. वाचायला शिकल्या त्या चार मुले झाल्यावर, प्रौढांच्या वर्गात. त्यामुळे त्यांचे वाचन बोट ठेवून, मोठ्याने, अक्षर अक्षर लावत चालायचे. रात्रीची भांडी आवरली की ट्यूबलाइटखाली पाट घेऊन बसायच्या. शास्त्राला जुन्या साडीच्या कापडाचे कव्हर. माझे लग्न होऊन मी घरात आले तेव्हा त्या लूकच्या तिसऱ्या अध्यायात होत्या, आणि बरेच दिवस तिथेच होत्या. मला वाटले, डोळ्यांना त्रास होत असेल. एकदा म्हटले, “आई, मी वाचून दाखवू का पुढचं?”

“पुढचं नगं. हितलंच व्हायचंय अजून.”

बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सांगतो की दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, त्या जागेवर बोट होते. दोन दिवसांनी गल्लीत भंगार गोळा करायला येणाऱ्या बाईच्या अंगात मी एक निळा स्वेटर पाहिला. तो मी सासूबाईंसाठी विणलेला होता. पहिल्या हिवाळ्यात, नव्या सुनेच्या हौसेने, उलट-सुलट टाक्यांची पट्टी घालून. मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही. त्या रात्री सासूबाईंचे बोट पुढच्या ओळीवर सरकले.

ही त्यांची रीत. शास्त्रात काही करायला सांगितलेले आले की ते होईपर्यंत पुढे जायचे नाही. वंशावळी आल्या की सरसर जायच्या, तिथे करण्याजोगे काही नसते. दृष्टान्तांत वेळ लागायचा. डोंगरावरच्या प्रवचनात त्या शिरल्या तेव्हा घरात सगळ्यांनाच जरा धास्ती वाटली.

उपवासकाळात त्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अडकल्या. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि तिथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करा, ती जागा. रोज रात्री बोट तिथे यायचे, निम्मे वाचून शास्त्र मिटायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे ताट समोर आले तेव्हा त्यांनी ते तसेच पुढे दिले. आमच्या मंडळीत असे कोणी केले की शंभर डोळे वळतात. घरी येईपर्यंत दोघींनी विचारले, सासूबाईंची तब्येत बरी नाही का?

प्रकरण होते त्यांच्या धाकट्या बहिणीचे. शेवगावच्या पलीकडे वडिलांची थोडी जिराईत जमीन होती. बहिणीने हक्कसोडपत्रावर सासूबाईंचा अंगठा घेतला होता, तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. पुढे वाचायला आले तेव्हा त्यांना त्या कागदाचा अर्थ कळला. त्यानंतर दोघींचे बोलणे नाही. आमच्या घरात सगळ्यांचे मत एकच होते, चूक धाकटीची आहे, तिने यावे. सासूबाईंचेही कित्येक वर्षे तेच मत.

पण रोज रोज त्याच ओळीवर बोट ठेवून त्यांना एक गोष्ट दिसली, जी दहा वेळा ते प्रवचन ऐकूनही मला दिसली नव्हती. “तुला राग आला असंल तर जा, असं न्हाई म्हणलेलं त्यात. तिच्या मनात माझ्याबद्दल काय हाय, ते बघाया सांगितलंय.” आणि बहिणीच्या मनात काय असणार? लिहिता-वाचता आले, शहरात घर झाले, मुले नोकरीला लागली, तेव्हा थोरलीने आमच्याकडे पाठ फिरवली, हेच. तेही खोटे नव्हते.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीने शेवगावला गेलो, तिथून जीपने पुढे. सासूबाईंनी एक किलो गोडीशेव आणि एक साडी घेतली होती. मावशी अंगणात सूप घेऊन बाजरी निवडत बसलेल्या. उठल्या नाहीत. “आलीस?” एवढेच म्हणाल्या. सुनेने पाणी आणून दिले. सासूबाईंनी चपला काढल्या, समोर बसल्या आणि दुसरे सूप ओढून घेतले. दोघी बाजरी निवडत राहिल्या. कोणाच्या गुडघ्याला काय झाले, कोणाची म्हैस आटली, कोण वारले. जमिनीचा विषय कोणी काढला नाही. क्षमेचाही नाही. मला आपले वाटत होते की आता कोणीतरी रडेल, गळ्यात पडेल, प्रार्थना होईल. काही झाले नाही. उन्हे कलली तशा मावशी आत गेल्या आणि एका पिशवीत बाजरी घालून आणली. जीपपर्यंत पोचवायला त्यांचा नातू आला, त्या आल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मी विचारले, “मिटलं का मग?”

सासूबाई पिशवीत हात घालून बघत होत्या. “काय म्हाईत. पर निवडलेली दिली गं. बिननिवडलेलीबी देता आली असती तिला.”

जमीन परत मिळाली नाही. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सासूबाईंनी प्रभुभोजन घेतले, आणि त्या रात्री पुढची ओळ वाचली.

इब्रीकरांच्या पत्रात लेखक आपल्या वाचकांना जरा खडसावूनच सांगतो की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण तुम्हाला अजून दूधच लागते, आणि सकस अन्न ज्यांच्या जाणिवा सरावाने तयार झाल्या आहेत अशा प्रौढांसाठी आहे. मी वर्गात हा भाग शिकवते तेव्हा सरावाचे उदाहरण म्हणून माझ्यापुढे तेच अंगण येते. सासूबाईंना हे पत्र समजावून सांगा म्हटले असते तर सांगता आले नसते. त्या तिथवर वाचत पोचल्याच नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत आल्या आणि गेल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मला आवडतात ती याच कारणाने. मराठी वाचक ते पुस्तक विनोदासाठी आणि भाषेसाठी वाचतात, बरोबरच आहे. आम्ही नगरचे ख्रिस्ती ते आणखी एका डोळ्याने वाचतो. नवऱ्याने, म्हणजे टिळकांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. माझ्या पणजोबांसारख्यांच्या हातचे पाणी प्यायला या बाईला वेळ लागला, तिने स्वतःशी वाद घातला, आणि जो वेळ लागला तो तिने लपवला नाही. बाप्तिस्मा झाल्यावर नवराबायकोची भांडणे थांबली असेही ती सांगत नाही. टिळकांचा तापटपणा पुढेही आहे तसा आहे. मला ही साक्ष मांडवातल्या साक्षींपेक्षा जवळची वाटते.

आता मंडळीतल्या भांडणाविषयी. लिहू नये असे वाटते, पण ते वगळून आत्मिक वाढीवर लिहिणे म्हणजे थापा मारणे होईल. कोणाची मंडळी, कोणते वर्ष, हे सोडून देते. स्मशानभूमीच्या भिंतीच्या कामावरून दोन तट पडले. हिशेब दाखवा, ठराव वाचून दाखवा, इथून सुरू झाले आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत गेले. उपासनेत लोक मधल्या वाटेच्या दोन बाजूंना वाटून बसायला लागले. एका वर्षी नाताळचे कार्यक्रम दोन झाले. दोन्ही तटांत उत्तम प्रार्थना करणारी माणसे होती. उपवास करणारी होती. दोन्ही तट आपापल्या कॉटेज मीटिंगमध्ये देवाकडे न्याय मागत होते, आणि न्याय म्हणजे काय ते दोघांनाही नेमके ठाऊक होते.

पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाची तयारी करायचे काम त्या आधीपासून माझ्याकडे आणि आणखी एका बाईंकडे होते. त्यांना मी इथे ताई म्हणते. ताईंचे घर दुसऱ्या तटात, आणि नुसते तटात नाही, पुढाकारात. काम सोडायला दोघीही तयार नाहीत. तेव्हा शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, रविवारी लवकर जाऊन त्या उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलीतून गाळायच्या. ब्रेडच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायचे. काचेचे इवलेसे पेले ताटात मांडायचे, एकेकात रस ओतायचा, सांडला तर पांढऱ्या कापडावर डाग पडतो म्हणून हात स्थिर ठेवायचा. उपासना झाली की ते सगळे पेले धुवायचे. मंदिरामागच्या नळाला हिवाळ्यात बर्फासारखे पाणी येते. कित्येक महिने आमच्यात बोलणे झाले ते असे: गाळणी द्या. हे तीन तडकलेत, बाजूला ठेवा. येते मी.

आमच्यात मैत्री झाली नाही, हे सांगितले पाहिजे, कारण गोष्टीत अशा जागी मैत्री होते. झाले ते निराळेच. घरी आमच्या तटाची माणसे जमली की ताईंच्या नावाने जे बोलले जायचे त्यात मला भाग घेणे जमेनासे झाले. ब्रेडच्या काढलेल्या कडा त्या नातवासाठी डब्यात भरून नेतात, थंड पाण्याने त्यांच्या बोटांना भेगा पडतात आणि त्यावर त्या कोकम तेल लावतात, हे मला माहीत झालेले होते. एवढे माहीत असलेल्या माणसाविरुद्ध देवाकडे न्याय मागताना जीभ अडखळते. घरच्यांनी मला ‘मऊ’ म्हटले. म्हणू दे.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे मी त्या काळात नव्याने पाहिले. करिंथच्या मंडळीत काय नव्हते? ज्ञान होते, संदेश होते, अन्य भाषा होत्या, रोग बरे करण्याची दाने होती. त्यांनाच तो ख्रिस्तातली तान्ही मुले म्हणतो. आणि कारण काय देतो? त्यांच्यातला हेवा आणि तट. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. शास्त्र किती पाठ आहे, प्रार्थना किती लांब आहे, याने पौल त्यांची उंची मोजत नाही. मांडवातल्या वक्त्यांनी आम्हाला दानांविषयी पुष्कळ सांगितले. हा तिसरा अध्याय मात्र घाईत उरकला.

भिंत शेवटी बांधून झाली. वाद अजून आहे.

आमचे हे गेले त्याला आता काही वर्षे झाली. मूत्रपिंडे निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ज्यांच्या घरात हे झाले आहे त्यांना पाण्याचा हिशेब सांगायला नको. दिवसाचे पाणी मोजून एका बाटलीत काढून ठेवायचे, चहा त्यातूनच, औषधाचा घोटही त्यातूनच. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा तो पेला घेतला की घरी येऊन म्हणायचे, “आजच्यातनं चमचाभर वजा कर गं.” आधी मला वाटले थट्टा करताहेत. पण ते खरेच बाटलीतून तेवढे ओतून टाकायला लावायचे.

भेटायला येणारी माणसे प्रेमाने यायची आणि बोलून घायाळ करून जायची. देवाची काही योजना असेल. विश्वास थोडा वाढवा. अमुक ठिकाणी आरोग्यसभा आहे, एकदा नेऊन तर बघा. हे एकदा गेलेही, कोणाचे मन मोडू नये म्हणून. डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना झाली. मंगळवारी पुन्हा मशीन.

आमचे तेव्हाचे पाळकसाहेब वयाने आमच्या मुलाएवढे. एका संध्याकाळी ते आले, पलंगाशेजारी बसले आणि ८८वे स्तोत्र वाचले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी आशेवर येतात, हे येत नाही. ते अंधारातच संपते. वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी शास्त्र मिटले. स्पष्टीकरण नाही, बोध नाही. चहा घेतला आणि गेले. ते गेल्यावर हे म्हणाले, “हा पोरगा तयार होणार.” इतक्या वर्षांत कोणा पाळकाविषयी त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच चांगला शेरा.

आमचे हे गेल्यावर बरेच महिने मला प्रार्थना सुचत नव्हती. डोळे मिटले की डायलिसिसच्या मशीनचा आवाज. संजीवन सभेतल्या मापाने मोजले असते तर मी पुरती थंड पडले होते. उपासनेला जात राहिले एवढेच. सगळे उभे राहिले की उभी राहायचे, सगळे मतांगीकार म्हणायला लागले की ओठ हलवायचे. पंधराव्या वर्षी पाठ केलेले ते शब्द तेव्हा कामाला आले. माझ्याकडे म्हणण्याजोगे काही नव्हते, आणि छापील शब्द तयार होते. छापील प्रार्थना मृत असते असे जे म्हणतात त्यांच्या घरात अजून कोणी गेलेले नसावे. त्या महिन्यांत पेले ताईंनी एकटीने धुतले. मी परत कामाला आले त्या रविवारी त्यांनी मलमल माझ्या हातात दिली. त्याबद्दल त्या तेव्हाही काही बोलल्या नाहीत, नंतरही नाही.

परवा वर्गातल्या एका मुलीने विचारले, “आंटी, मग तुम्ही आता मॅच्युअर झालात का?” सगळी हसली. मी म्हटले, हे मला विचारू नका, ताईंना विचारा. मुलांना वाटले मी टाळते आहे. पण ज्याच्याशी आपले पटत नाही त्याने दिलेला दाखला सोडून याबाबत दुसरा कोणताही दाखला मला विश्वासाचा वाटत नाही. आपला आपण दिलेला तर नाहीच.

आता आमच्या पंचांना आणि पाळकसाहेबांना एक सांगणे आहे, आणि हे वाचणाऱ्या इतर मंडळ्यांनाही. दृढीकरणाचा वर्ग चांगला चालतो, मुले पाठांतर करतात, बिशप येतात, फोटो निघतात. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांचे काय करायचे याची सोय आपल्याकडे नाही. नवा अभ्यासक्रम काढू नका, त्याचेही पाठांतरच होईल. त्याऐवजी एकेका मुलाला मंडळीतल्या एकेका जुन्या माणसाच्या हाताखाली वर्षभर द्या. कोणी आजाऱ्यांच्या भेटीला जाते, कोणी स्मशानभूमीची नोंदवही ठेवते, कोणी बोर्डिंगच्या मुलांचे बघते, त्यांच्याबरोबर जाऊ दे. आणि जमेल तिथे मुलाला मुद्दाम पलीकडच्या तटातल्या माणसाकडे पाठवा. या वर्षीच्या सातही मुलांची नावे मी पंचांकडे दिली आहेत. त्यांतल्या एकीला घ्यायला ताई तयार आहेत.